भिंतीतल्या तारा : अँटेनापासून होम थिएटरपर्यंत

सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत इतिहासावर एक लेख हवा, असे संपादक मंडळाचे म्हणणे पडले आणि ते काम माझ्याकडे आले. उमरखेडचा इतिहास सांगणारे माझ्यापेक्षा जाणकार लोक गावात आहेत. म्हणून मी जरा वेगळा विषय घेतला आहे. चित्र आणि आवाज घरात आणणाऱ्या तारा आपल्या भिंतींवरून आणि भिंतींतून कशा गेल्या, त्यांचा हा इतिहास.

विषय किरकोळ वाटेल. पण गेल्या सर्वसाधारण सभेत सगळ्यात जास्त वेळ याच विषयाने खाल्ला, हे हजर सभासदांना आठवत असेल. दोन्ही इमारतींचे रंगकाम काढायचे ठरले. त्याच वेळी तीन-चार घरांना होम थिएटर बसवायचे आहे. भिंत फोडायला परवानगी द्यायची का, दिली तर कुठे आणि किती, यावर दोन तास बोलणे झाले, आवाज चढले आणि निर्णय पुढच्या सभेवर गेला. त्या सभेआधी ही माहिती सगळ्यांच्या हाती असावी, एवढाच माझा हेतू. मी इंजिनिअर नाही. आयुष्य बँकेत गेले. पण शाखांमध्ये संगणक आले तेव्हा त्यांच्या तारा टाकताना उभे राहून पाहण्याचे काम वाट्याला आले, तेव्हापासून ही आवड लागली.

तार भिंतीबाहेर होती तेव्हा

आपल्या भागातली जुनी घरे पांढऱ्या मातीची. भिंती हात-दीड हात जाड, वर माळवद. अशा घरांत वीज आली तेव्हा भिंत फोडून तार आत घालण्याचा प्रश्नच नव्हता. आपला जिल्हा सागवानाचा. सागाच्या पट्ट्या भिंतीवर ठोकायच्या, त्यावर तार बसवायची आणि टिनच्या बारीक क्लिपांनी आवळायची. तार उघडी दिसायची, पण कुठून कुठे जाते हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असायचे. बिघाड झाला की मिस्त्री तेवढीच पट्टी उकलायचा.

करमणुकीची पहिली तार म्हणजे रेडिओची एरियल. तांब्याच्या जाळीची ती लांब पट्टी बैठकीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेली असे. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी फी भरावी लागे. पुढे टीव्हीलाही हाच नियम होता. आजच्या मुलांना हे सांगितले तर ती हसतात.

सिनेमाच्या थिएटरात मात्र तारेला वेगळेच काम होते. १९३१ साली ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलायला लागला. प्रोजेक्टर प्रेक्षकांच्या मागे आणि आवाज मात्र पडद्यातून यायला हवा. म्हणून स्पीकर पडद्याच्या मागे ठेवायचे, पडद्याला बारीक भोके पाडायची आणि मागच्या खोलीतून पुढच्या भिंतीपर्यंत तार न्यायची. आज आपली मुले हॉलमध्ये जे करू पाहतात ते हेच आहे. चित्र एका भिंतीवर, यंत्र दुसरीकडे, स्पीकर चार कोपऱ्यांत आणि मधली तार कोणाला दिसता कामा नये.

छपरावरचा अँटेना

दिल्लीत दूरदर्शनचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले. मुंबई केंद्र सुरू व्हायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडले. तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री आपल्या शेजारच्या पुसद तालुक्याचे वसंतराव नाईक होते. राज्यात टीव्ही आला तो अशा माणसाच्या कारकिर्दीत. पण त्या साली आपल्याकडे बोलणे होते ते दुष्काळाचे आणि रोजगार हमीच्या कामाचे. मुंबईच्या लहरी पैनगंगेच्या काठापर्यंत पोचायचा प्रश्नच नव्हता.

खरा फरक पडला तो १९८२-८३ नंतर. १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, दिल्लीत एशियाड झाले. १९८३ च्या ऑगस्टमध्ये इन्सॅट-१बी उपग्रह सोडला गेला आणि त्याच्या आधाराने देशभर लहान-लहान प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. ही लघुशक्ती केंद्रे शंभर वॅटची. त्यांचे चित्र वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत बरे दिसे, त्यापलीकडे नुसत्या मुंग्या. आपण जिल्ह्याच्या अगदी टोकाला. नदी ओलांडली की नांदेड जिल्हा. यवतमाळ दूर, नांदेड जवळ. त्यामुळे कुठल्या बाजूने चित्र सापडेल याचा नेम नसे. कोणी अँटेना इकडे फिरवी, कोणी तिकडे. एक जण माडीवर दांडा धरून उभा आणि खालून घरातले ओरडताहेत, ‘आलं, आलं... गेलं! मागं घे, मागं!’

त्या आडव्या दांड्यांच्या अँटेनाला यागी-उदा म्हणतात. यागी आणि उदा या दोन जपानी संशोधकांनी तो १९२६ साली लोकांपुढे आणला. अँटेनापासून खाली येणारी तार चपटी, रिबिनीसारखी. ती भिंतीला चिकटली, लोखंडाजवळून गेली किंवा पावसात भिजली की चित्र बिघडे. म्हणून ती खिडकीच्या फटीतून आत घ्यायची आणि हवेत लोंबती ठेवायची. भिंतीत घालायची ती तारच नव्हती. पुढे गोल काळी कोॲक्सिअल तार आली. मध्ये तांब्याची काडी, तिच्याभोवती पांढरा फोम, त्यावर चांदीसारखा कागद आणि तारांची जाळी, वर काळे आवरण. बाहेरची जाळी आतल्या सिग्नलला सांभाळते. त्यामुळे ही तार भिंतीला लागली काय आणि नळीत घातली काय, चित्र तेच. तार भिंतीच्या आत गेली ती या जाळीमुळे.

१९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झाले आणि १९८८ च्या ऑक्टोबरात ‘महाभारत’. त्या काळात टीव्हीसाठी बँकेत कर्जाचे अर्ज येत. शिक्षक, तलाठी, एसटीतले लोक पगारपत्रक घेऊन येत. मी ते अर्ज पाहत असे. कर्ज एका घराचे आणि रविवारी सकाळी बघणारी माणसे चाळीस, असा तो हिशेब होता. तार एका घरात जायची आणि आळी तिथे जमायची.

केबलचे दिवस

१९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध झाले आणि मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत लोकांनी ते थेट पाहिले. त्यानंतर गल्लोगल्ली मोठ्या डिश बसल्या. १९९२ च्या ऑक्टोबरात झी टीव्ही सुरू झाला. १९९५ साली केबलचा कायदा आला आणि केबलवाल्याला नोंदणीसाठी पोस्टात जावे लागू लागले. रेडिओचा परवाना पोस्टात, केबलची नोंदही पोस्टात, ही गंमत माझ्या लक्षात राहिली. मराठी वाहिन्या आल्या त्या १९९९ साली अल्फा आणि २००० साली ई टीव्ही. घरातल्या बायका संध्याकाळचा स्वयंपाक लवकर उरकू लागल्या तो हा काळ.

केबलवाल्याचे पोरगे खांबावरून झाडावर, झाडावरून गच्चीवर अशी तार टाकीत येई. तांब्यातून जाताना सिग्नल वाटेत झिजतो. आपल्या घरात येते त्या जाडीच्या तारेत, वरच्या वाहिन्यांच्या फ्रिक्वेन्सीला, साधारण पंधरा-वीस मीटरवर त्याची शक्ती निम्मी होते. म्हणून खांबावर ठिकठिकाणी ॲम्प्लिफायरची पेटी लागे आणि त्या पेटीला वीज. भारनियमनाच्या दिवसांत आपल्याकडे लाइट असायचे आणि केबल नसायची, त्याचे कारण हेच. पेटी बसवलेल्या खांबाची लाइट गेलेली असायची. लोक मात्र त्या पोराला बोल लावायचे.

आपल्या इमारती

याच काळात आपल्या इमारती उभ्या राहिल्या. वायरिंग सगळे भिंतीच्या आत, म्हणजे कन्सिल्ड. त्याचे आपल्याला कोण कौतुक! गावातून येणारे पाहुणे विचारत, ‘तारा कुठंयत हो?’

आता पंचवीस वर्षांनंतर त्या नकाशाकडे पाहा. प्रत्येक घरात टीव्हीचा एकच पॉइंट, तोही हॉलमध्ये. टेलिफोनचा एक. नळी पाऊण इंची. हॉलच्या भिंतीत टीव्हीसाठी एक कोनाडा, खाली कडाप्पा, वर शोकेस. तो कोनाडा एकवीस इंची, फार तर एकोणतीस इंची टीव्हीच्या मापाचा आणि पाठीमागचा फुगवटा बसावा म्हणून चांगला खोल. आज बहुतेक घरांत त्रेचाळीस इंची किंवा त्याहून मोठा सपाट टीव्ही आहे. तो साधारण सव्वातीन फूट रुंद. कोनाड्यात तो मावत नाही म्हणून कोनाड्यावर फळी मारून त्यावर लावला आहे. आत देव नाहीतर जुन्या ट्रॉफ्या.

बांधणाऱ्याला यात दोष देता येणार नाही. ज्या एचडीएमआय तारेवरून आज आपल्यात वाद चालला आहे, तिचा पहिला आराखडा सात कंपन्यांनी मिळून २००२ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केला. आपल्या भिंतींचा गिलावा तेव्हा वाळला होता. जी तार जन्मलीच नाही, तिच्यासाठी नळी कोण ठेवणार?

छत्र्यांची रांग

२००३ साली देशात खासगी डीटीएच सुरू झाले आणि २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनची मोफत सेवा. काही वर्षांत आपल्या गच्चीवर छत्र्या उगवल्या. एकदा गच्चीवर जाऊन पाहा, सगळ्यांची तोंडे एका बाजूला आहेत. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे छत्तीस हजार किलोमीटरवर असतात आणि उमरखेडहून पाहिले तर दक्षिण आणि आग्नेय यांच्या मधल्या दिशेला दिसतात. ज्यांची खिडकी त्या बाजूला, त्यांनी छत्री खिडकीत लावली. ज्यांची घरे उत्तरेकडे, त्यांना गच्चीवर जावे लागले आणि तिथून तीन मजले खाली तार सोडावी लागली. नळी कुठे होती? मग बाहेरच्या भिंतीला भोक. प्रत्येकाचे वेगळे.

ही भोके आपल्याला किती महाग पडली, ते जुन्या सभासदांना माहीत आहे. बाहेरच्या भिंतीचे भोक आतून बाहेर उतरते असावे आणि भोकाच्या आधी तारेला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळावरून टपकते. आपल्याकडे ड्रिल आतून मारले की ते सहज वर तोंड करून जाते. पाणी तारेवरून चालत येते, भोकात शिरते आणि भिंतीत मुरते. एका घरच्या छत्रीच्या भोकातून खालच्या घरातल्या निजायच्या खोलीची भिंत दोन पावसाळे ओली राहिली. खालचे म्हणत वरच्यांचे न्हाणीघर गळते. वरच्यांनी न्हाणीघराच्या फरशा उकरून पुन्हा बसवल्या. दोन्ही घरांचे बोलणे बंद, संक्रांतीचा तिळगूळसुद्धा नाही. शेवटी एका म्हाताऱ्या गवंड्याने बाहेरून शिडी लावली, भोकात बोट घातले आणि म्हणाला, ‘काकाजी, पानी इथून येऊन राह्यलं ना!’ मूठभर सिमेंटात काम झाले. दोन वर्षांचा अबोला एका बोटभर भोकाचा होता.

मग विजेचा धोका. मृगाच्या आधी आपल्याकडे विजा कशा कडकडतात हे सांगायला नको. खांबांवरून फिरणारी तांब्याची तार आसपास पडलेल्या विजेचा धक्का घराघरांत पोचवते. अशाच एका संध्याकाळी एका इमारतीतले अनेक टीव्ही एकदम गेले. त्या तारेला ना अर्थिंग होते ना कोणाचे लक्ष. भरपाई कोणी द्यायची यावर बरेच पत्रव्यवहार झाले आणि फाईल बंद झाली.

काचेचा धागा

केबल डिजिटल करण्याचे टप्पे २०१२ मध्ये मुंबईसारख्या चार महानगरांपासून सुरू झाले. आपल्यासारख्या लहान शहरांना ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत होती. घरोघर डबे आले. पण त्याहून मोठा बदल म्हणजे फायबर. काचेचा धागा, बाहेरच्या काचेची जाडी एक मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी आणि प्रकाश ज्यातून धावतो तो गाभा त्याहून कितीतरी बारीक. मोगा या गावी जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये काचतंतूंतून चित्र नेऊन दाखवले. १९६६ साली चार्ल्स काओ यांनी शुद्ध काचेतून दूरवर संदेश जाईल असे मांडले आणि त्यांना २००९ साली नोबेल मिळाले. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे धाग्यातून धक्का येत नाही. मात्र त्याला तांब्यासारखे काटकोनात वाकवता येत नाही. कोपऱ्यात दाबला की प्रकाश बाहेर सांडतो. जुन्या नळीचे आखूड बेंड त्याला मानवत नाहीत.

२०२० च्या टाळेबंदीत या धाग्याची किंमत कळली. २८ मार्चपासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले आणि ज्यांनी ते पहिल्यांदा तरुणपणी पाहिले होते त्यांनी नातवंडांबरोबर पाहिले. पण त्याच घरात एक नातू शाळेत होता, सून पुण्याच्या कंपनीत होती आणि आजोबा डॉक्टरांशी बोलत होते, सगळे एकाच तारेवर. त्या दिवसांपासून ही तार करमणुकीची राहिली नाही. ती पाण्याच्या आणि विजेच्या रांगेत येऊन बसली.

म्हणून गेल्या वर्षीची गोष्ट इथे नोंदवतो. गच्चीवरच्या टाकीची दुरुस्ती चालू असताना मजुरांनी आडव्या येणाऱ्या तारा तोडल्या. दोन्ही बाजूंनी तारांचा असा गुंता की कोणती जिवंत, कोणती मेलेली, कोणती कोणाची, कोणालाच सांगता येईना. दहा वर्षांपूर्वी बंद झालेल्या छत्र्यांच्या तारासुद्धा तिथेच लोंबत होत्या. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींचा फायबर त्यांत तुटला. त्या आठवड्यात पुण्याला त्यांच्या नातीचा साखरपुडा होता. गुडघ्यांमुळे त्यांना जाता येणार नव्हते म्हणून मुलाने मोठ्या टीव्हीवर सगळे दिसेल अशी सोय करून दिली होती. तार चार दिवस जोडली गेली नाही. आजींनी साखरपुडा शेजारणीच्या मोबाइलवर पाहिला, तळहाताएवढ्या पडद्यावर. तक्रार त्यांनी केली नाही. पण सोसायटी म्हणून ती आपली जबाबदारी होती.

होम थिएटरची तार : काही व्यवहाराच्या गोष्टी

होम थिएटर म्हणजे मोठा पडदा किंवा प्रोजेक्टर, एक ॲम्प्लिफायर, पाच स्पीकर आणि एक धमधमणारा वूफर. पूर्वी व्हीसीआरच्या मागे पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन पिना असत. त्यांचे काम आता एकच एचडीएमआय तार करते. तिच्या टोकाला एकोणीस बारीक पिना असतात. चित्र जितके बारीक, तितकी ती तार आखूड हवी. फोर-के चित्रासाठी साधी तांब्याची तार पाच मीटरपर्यंत भरवशाची. त्यापुढे आत काचतंतू असलेली एचडीएमआय मिळते. तिला दिशा असते, एका टोकावर यंत्राची खूण आणि दुसऱ्यावर पडद्याची. उलटी ओढली तर चित्र येत नाही. भिंत बुजवण्याआधी ती लावून, चित्र पाहून मगच गिलावा करावा.

दुसरी अडचण टोकाची. एचडीएमआयच्या पिनेचा धातूचा भागच चौदा मिलिमीटर रुंद आणि त्यावरचे रबरी आवरण धरले तर वीसच्या घरात. आपल्या पाऊण इंची नळीत ती शिरत नाही. शिरलीच तर पहिल्या बेंडला अडकते. म्हणून मुलांना नवी झिरी मारावी लागते, म्हणजे ग्राइंडरने भिंत चिरून नवी नळी बसवावी लागते. ही हौस नाही, गरज आहे, एवढे ज्येष्ठांनी मान्य करायला हवे.

मात्र झिरी कुठे मारायची याला नियम आहेत, ते तरुणांनी मान्य करावेत. आपल्या इमारतींत बाहेरच्या भिंती नऊ इंची आणि आतल्या चार इंची. बांधकामातला ठोकताळा असा की उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा. चार इंची भिंतीत आडवी झिरी मारणे म्हणजे भिंत मधून कापणे. त्यात आपली जमीन काळी. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि पाया थोडाथोडा हलत राहतो. भिंतीला भेग पडायचीच झाली तर ती कमजोर रेषेवरूनच जाते, म्हणजे नेमकी झिरीवरून. झिरी बुजवताना वर बारीक जाळी मारून गिलावा केला तर भेग आवरते. कॉलम, बीम आणि स्लॅब यांना तर हातच लावायचा नाही. आतली सळई उघडी पडली, तिला गंज चढला की काँक्रीट फुटते. कॉलम एकाच्या हॉलमध्ये दिसत असला तरी त्यावर तिन्ही मजल्यांचा भार आहे. लेखी परवानगीशिवाय बांधकामात फेरफार करू नये असे आपल्या उपविधींत आहे, ते याचसाठी.

आणखी तीन गोष्टी. विजेची तार आणि चित्राची तार एका नळीत नको. दोन्हींत वीतभर अंतर ठेवावे, ओलांडायचीच झाली तर काटकोनात. नळी सरळ उभी किंवा सरळ आडवी न्यावी, तिरपी नाही. पुढे कोणी फोटोसाठी खिळा ठोकेल त्याला अंदाज यायला हवा. आणि दोन घरांमधल्या सामाईक भिंतीत वूफर किंवा स्पीकर बसवू नये. आवाज त्या भिंतीतून थेट शेजाऱ्याच्या उशाशी जातो.

जिथे झिरी शक्य नाही तिथे प्लास्टिकची केसिंग पट्टी मारावी. भिंतीच्या रंगाची मिळते, आत तार बसते, वर झाकण. मिस्त्री हे सांगतो तेव्हा मुले नाक मुरडतात. पण मला ती पट्टी पाहून सागाच्या पट्टीची आठवण होते. आपल्या आजोबांनी भिंत न फोडता तार नेली होती. ती युक्ती अजून कामाची आहे.

मोकळी नळी

या सगळ्या इतिहासातून माझ्यासारख्या बँकवाल्याला एक हिशेब दिसतो. चपटी तार गेली, कोॲक्सिअल आली. मग छत्रीची तार, मग फायबर आणि आता एचडीएमआय. पंचवीस वर्षांत आपण तीन-चार वेळा भोके पाडली आणि प्रत्येक वेळी वाटले, आता हे शेवटचे. पुढची तार कोणती असेल हे कोणालाच सांगता येणार नाही. पण ती येणार आणि तिला वाट लागणार, एवढे नक्की. बँक पुढच्या बुडीत कर्जासाठी आधीच तरतूद करून ठेवते. सोसायटी पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी सिंकिंग फंड ठेवते. मोकळी नळी ही तशीच तरतूद. तिच्यात आज काहीच नाही, म्हणून ती फुकट गेली असे होत नाही.

माझी सूचना अशी. रंगकामासाठी पहात बांधली जाईलच. त्याच वेळी प्रत्येक जिन्याजवळ गच्चीपासून तळमजल्यापर्यंत तीन जाड नळ्या बाहेरून बसवाव्यात, एक फायबरची, एक केबल व छत्रीची आणि तिसरी पूर्ण मोकळी, आत नुसती नायलॉनची दोरी ओवून ठेवलेली. प्रत्येक मजल्यावर एक पेटी आणि प्रत्येक तारेला फ्लॅट नंबरची चिठ्ठी. मेलेल्या तारा काढून टाकाव्यात, जुनी भोके बुजवावीत. ज्यांना घरात झिरी मारायची आहे त्यांना परवानगी द्यावी, पण इंजिनिअरने जागा पाहिल्यावर आणि दीड इंची नळी, मोठे बेंड व आत दोरी या अटीवर. झिरी उघडी असतानाच शेजारी टेप धरून फोटो काढावा आणि एक प्रत सोसायटीच्या फाईलला लावावी. वीस वर्षांनी कोणी खिळा ठोकायला निघेल तेव्हा तो फोटो कामी येईल.

खर्चाचा अंदाज समितीने दोन-तीन ठिकाणांहून मागवावा. तो सगळ्यांनी सारखा द्यायचा की वापराप्रमाणे, हे सभेने ठरवावे. माझे मत सारखा द्यावा असे आहे. मला होम थिएटर बसवायचे नाही. कानाला यंत्र लागले आहे, पाच स्पीकर घेऊन करू काय? पण जिन्याची लाइट जशी सगळ्यांची, तशी ही वाटही सगळ्यांची.

पुढची सभा महिनाअखेरीला आहे. निदान त्या आजींचा धागा पुन्हा तुटणार नाही, एवढी व्यवस्था करूनच उठू या. रौप्यमहोत्सवानिमित्त सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना मनापासून शुभेच्छा.